दोरा काढू नका

४, सोमवार

बाबांचं स्वरयंत्र काढावं लागणार. एकोणीस तारखेला ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, "जीव वाचेल, आवाज वाचणार नाही." इतक्या सरळ बोलणाऱ्या माणसाचा राग येतो, पण त्यांचा काय दोष?

त्यांनी विचारलं, "घशाचा त्रास कधीपासून?" बाबा म्हणाले, "आत्ताआत्ताच." त्यावर आई खुर्चीतून उठलीच. "आत्ताआत्ता? वर्ष झालं डॉक्टर!" मग सगळं बाहेर आलं. हा माणूस दर वेळी दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून थर्मासमधलं गरम पाणी प्यायचा, तोंडात गोळी ठेवायचा, दोनदा खाकरून आवाज मोकळा करायचा आणि मग आत जायचा. का, तर म्हणे डॉक्टरांसमोर खरखरत बोलणं बरं दिसत नाही.

मी बाहेर येऊन ओरडले त्यांच्यावर. "जे दाखवायला न्यायचं तेच घरी ठेवून जात होतात!" ते पायातल्या चपलेकडे बघत राहिले. मग रिक्षात काहीतरी सांगू लागले, "मला काय वाटलं की…" मी म्हटलं, "काय वाटलं ते कळलं आम्हाला."

६, बुधवार

स्पीच थेरपिस्ट बाई भेटल्या. त्यांच्याकडे एक टॅब्लेट असतो, त्यावर बटणं. बटण दाबलं की वाक्य ऐकू येतं, आणि ते बाबांच्या स्वतःच्या आवाजात असू शकतं, आत्ता रेकॉर्ड करून ठेवलं तर. अट एवढीच की प्रत्येक वाक्याची वेगळी फाइल हवी, खरखर काढलेली, त्यांच्या मशीनला चालेल अशा प्रकारातली. सगळं अठरा तारखेपर्यंत त्यांच्या हातात. आणि बाबांनी रोज थोडाच वेळ बोलायचं, आवाज झपाट्याने चाललाय.

वाक्यांची यादी मीच केली. पाणी द्या, दुखतंय, खिडकी उघडा, लाइट बंद करा. आजारी माणसाला जे जे लागतं ते सगळं. जमेल तेवढं घेतलं.

रेकॉर्डिंग पुढच्या खोलीत, बाबांच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या टेबलावर. तेलाचा वास, सुया-बॉबिनांचे डबे. रेकॉर्डर सुरू करून म्हटलं, "काहीतरी बोला, चाचणी." आणि बाबा दोनदा खाकरून एकदम दुकानातल्या आवाजात कडाडले, "मशीन अडकलंय तसंच आणा! दोरा काढू नका!"

हे वाक्य मी जन्मापासून ऐकतेय. मशीन अडकलं की लोकांना लाज वाटते. घरीच गुंता ओढून काढतात, कापड सोडवतात, पुसूनबिसून चकचकीत करून आणतात आणि म्हणतात, अडकतंय हो. इथे आणल्यावर ते फुलासारखं चालतं. मग बाबांनी शोधायचं काय?

मी म्हटलं, "छान आला आवाज. हे नंतर काढून टाकू." मग यादी सुरू केली. बाबा मधेच थांबले, म्हणाले, "मला एक…" मी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी घेतला, पण प्यायले नाहीत.

८, शुक्रवार

एकेक फाइल हाताने साफ करायची तर माझे केस पांढरे होतील. म्हणून शेल स्क्रिप्ट लिहिली. मी! शेल स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला एकाखाली एक लिहून दिलेले हुकूम. व्हिडिओ बघून बघून जमवली. नावांची यादी एका फाइलीत, स्क्रिप्ट त्यातलं एकेक नाव उचलते, आवाजाच्या प्रोग्रॅमला देते, तो खरखर काढून नवी फाइल नव्या फोल्डरमध्ये ठेवतो. रेकॉर्डरच्या कार्डावर जागा कमी, म्हणून शेवटी मूळ फाइली पुसायची ओळही घातली. आणि अगदी शेवटी "सगळं झालं" असं पडद्यावर छापायची.

चालवली. क्षणात छापून आलं, सगळं झालं. मधे एक ओळ तुटकी आली, "द करा : अशी फाइल नाही." संगणकाला आपली लिपी कुठे नीट वाचता येते! सोडून दिलं. आईला म्हटलं, तुझी मुलगी इंजिनिअर होता होता राहिली.

१०, रविवार

फोल्डर उघडलं. आत एकच फाइल आहे.

दुपार. परत लिहितेय. एकच फाइल. बाकीच्या बनल्याच नाहीत आणि मूळच्या फाइली माझ्याच ओळीने पुसल्या. काल त्याच कार्डावर नवी वाक्यं रेकॉर्ड केली. संगणकाच्या दुकानदाराकडे धावत गेले. तो म्हणाला, "पुसलेलं कधी कधी मिळतं ताई, पण तुम्ही वर नवीन भरलंत."

बुधवारचा आवाज त्यातल्या त्यात चांगला होता. कालपासून तो बसलाय, शब्दाच्या शेवटी नुसती हवा येते. चांगल्या आवाजातली ती सगळी वाक्यं गेली. आणि उरलेली एक फाइल कुठली? यादीत पहिली होती ती. चाचणीची. मशीन अडकलंय तसंच आणा. हसावं की डोकं आपटावं!

बाबांना सांगितलं, कार्ड खराब निघालं. ते म्हणाले, "बघू." हात पुढे केला. मी म्हटलं, टाकून दिलं. त्यांनी हात मागे घेतला.

११, सोमवार

ऑफिसात विम्याच्या दाव्यांचे अर्ज तपासत होते. बहुतेक परत पाठवले, अपुरी माहिती. लोकांना एक गोष्ट नीट लिहिता येत नाही. एकाने लिहिलंय, "अपघात झाला, कृपया लवकर करावे." अरे, कुणाला, कुठे, कसा? वैताग.

संध्याकाळी संगणकवाल्यांच्या एका मंचावर प्रश्न टाकला. "शेल स्क्रिप्ट चालत नाही. खूप अर्जंट आहे. प्लीज कुणीतरी लवकर मदत करा." तासभर कुणी ढुंकूनही बघितलं नाही. मग 'गंजका खिळा' अशा नावाच्या कुणीतरी लिहिलं, "चालत नाही म्हणजे काय? काय चालवलंत, काय व्हायला हवं होतं, काय झालं, पडद्यावर जसंच्या तसं काय आलं?"

खडूस मेला. माणूस अडचणीत आहे हे दिसत नाही का?

दादाला फोन केला. तो एवढ्या लांब असतो की त्याला सगळंच सोपं दिसतं. म्हणाला, "व्हिडिओ बघ ना एखादा." मी फोन ठेवला.

१२, मंगळवार

बुधवारची वाक्यं पुन्हा घेतली. पाणी द्या म्हणताना बाबांचा आवाज मधेच फाटला. पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला. तिसऱ्या वेळेला मीच म्हटलं, राहू दे, चालेल. त्यांना चाललं नव्हतं, ते तोंडावर दिसत होतं. पण थेरपिस्ट बाईंनी दिलेला रोजचा वेळ संपला होता.

ह्या फाइलींवर स्क्रिप्ट चालवायचा धीर होत नाही. पाच-सहा फाइलींच्या प्रती काढून चालवली. पुन्हा पहिली झाली, बाकी नाहीत. आता तर तुटकी ओळसुद्धा आली नाही. हाताने एक फाइल करून बघितली, व्यवस्थित होते, पण इतका वेळ लागतो की अठरापर्यंत अर्धीही होणार नाहीत. नोकरी आहे, दवाखान्याच्या खेपा आहेत, आईची झोप उडालीय. मी हे कुणाच्या जिवावर करू? वाटतं, सगळं टेबलावरून लोटून द्यावं.

१३, बुधवार

आज मन लावून मोठा प्रश्न लिहिला. बाबांचा आजार, ऑपरेशन, कार्ड, सगळं. माझा अंदाजही लिहिला, की स्क्रिप्टला मोजता येत नसावं, एकावर थांबते. स्क्रिप्ट टाकायची तर आधी साफसूफ केली. फाइली पुसायची ओळ काढली, लोक हसतील. आवाजाच्या प्रोग्रॅमची लांबलचक ओळही काढली. ती नीट चालते, पहिली फाइल तिनेच तर केली, मग उगाच लांबण कशाला? तिच्या जागी नुसतं नाव छापायची ओळ घातली. चार ओळींची सुटसुटीत स्क्रिप्ट झाली. कुणालाही दाखवायला लाज वाटू नये अशी.

१४, गुरुवार

तिघांनी लिहिलं, "आमच्याकडे चालते." एकाने वडिलांसाठी शुभेच्छा दिल्या. गंजक्या खिळ्याने लिहिलं, "ही स्क्रिप्ट बरोबर आहे. तुम्ही चालवताय ती ही नाही."

मला खोटं ठरवतो! मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले. मग तोंड धुतलं, पावडर लावली, जागेवर जाऊन बसले. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी विचारलं, "वडील कसे आहेत?" म्हटलं, "छान. एकदम छान." त्या म्हणाल्या, "नशीबवान आहेस."

चार दिवस उरले. बाबा गेल्यासारखे गप्प असतात. नाही, हे काय लिहिलं मी.

१५, शुक्रवार

सुट्टी टाकली. सकाळी एक बाई मशीन घेऊन आल्या. पुसलेलं, तेल घातलेलं. म्हणाल्या, "सारखं अडकतंय हो." बाबांनी पट्टा फिरवला, मशीन सुरळीत. त्यांना रेकॉर्डिंगशिवाय बोलायची बंदी, तरी ओठ हलवून म्हणाले, "दोरा…"

मी लगेच बाईंना म्हटलं, "दोरा तुमचा तुम्ही आणायचा, असं म्हणतायत."

बाबांनी मान हलवली. परत, "दोरा…"

"दोरा जाड आहे का, असं विचारतायत."

बाबांनी टेबलावर असा हात आपटला की बॉबिनांचा डबा खाली आला. आई आतून म्हणाली, "अगं, त्यांना बोलू दे ना!" पण बोलायला आवाज कुठे होता? मग मला ती फाइल आठवली. लॅपटॉप उघडला आणि बटण दाबलं.

"मशीन अडकलंय तसंच आणा! दोरा काढू नका!"

खोलीभर आवाज घुमला. बाई दचकल्या. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, पदर तोंडाशी. असा आवाज घरात पुन्हा ऐकू येईल असं वाटलं नव्हतं. बाईंनी ओशाळून पिशवीतून चुरगळलेलं कापड काढलं. गुंता त्यातच होता, कापून आणलेला. बाबांनी तो भिंगाखाली धरला, बोट दाखवलं, एक स्क्रू पाव फेरा फिरवला. संपलं काम.

मी तिथेच खाली बसले. बॉबिना गोळा करायला.

मी गुंता कापून, कापड सोडवून, पुसूनबिसून नेलं होतं त्या लोकांकडे. बाबांना जिन्यातल्या गरम पाण्यावरून एवढी बोलले, आणि स्वतः?

दुपारी तिसऱ्यांदा लिहिलं. बाबांच्या आजाराबद्दल एकच ओळ. खरी स्क्रिप्ट, एक अक्षर न बदलता, पुसायच्या ओळीसकट. काय चालवलं. काय व्हायला हवं होतं. काय झालं. पडद्यावर आलेलं सगळं, आणि पहिल्या दिवशीची ती "द करा" सुद्धा. शेवटी लिहिलं, माझा अंदाज काही नाही.

टाकताना अंगावरचे कपडे काढून चौकात उभं राहिल्यासारखं वाटलं.

१६, शनिवार

चहा व्हायच्या आत उत्तर. गंजका खिळा. जसंच्या तसं उतरवून ठेवते.

"आता दिसलं. तुमची स्क्रिप्ट यादीतून नाव वाचते आणि आवाजाच्या प्रोग्रॅमला देते. पण तो प्रोग्रॅम काम करता करता कान देऊन असतो, कुणी कीबोर्डवरून हुकूम देतंय का म्हणून. इथे कीबोर्डच्या जागी तुमची यादी आहे. त्याला एकच वाक्य दिलं होतं, पुढची सगळी त्याने गिळली. तुमचं 'द करा' हा त्याच्या तोंडातून सांडलेला शेवटचा घास. त्या ओळीच्या शेवटी खाली दिलंय तेवढं जोडा, म्हणजे त्याला गिळायला काही मिळणार नाही. फाइली पुसणारी ओळ आधी उडवा. पुसायचं काम माणसाने डोळ्यांनी बघून करावं. वडिलांना नमस्कार."

जोडलं. चालवलं. एकामागोमाग एक फाइली पडत गेल्या, मी ओठांवर हात ठेवून बघत होते. सगळ्या! कालपर्यंतची सगळी वाक्यं, एकही सुटलं नाही.

आईला समजावून सांगितलं. म्हटलं, बघ ना, आवाजाचा प्रोग्रॅमच दुसऱ्याची वाक्यं गिळत होता. मला वाटलं तोच तेवढा गुणी. आई हसायला लागली. म्हणाली, "घरातलंच वळण दिसतंय." काय वळण? विचारलं तर भाजी चिरत बसली. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा हसली म्हणून मी पण जास्त खोदलं नाही.

१७, रविवार

रेकॉर्डिंगचा शेवटचा दिवस. मी यादी घेऊन बसले, अजून बरीच राहिली होती. बाबांनी यादी माझ्या हातातून घेतली, घडी घातली आणि बॉबिनांच्या डब्याखाली ठेवली. रेकॉर्डर आईच्या हातात दिला. मला कुजबुजत म्हणाले, "बाईसाहेब, तुम्ही बसा. पण बोलायचं नाही."

जीभ दाताखाली धरून बसले. एका वाक्याला बाबांना किती वेळ लागतो! आवाज गोळा करतात, थांबतात, सोडून देतात, पुन्हा गोळा करतात. दोनदा मला शब्द माहीत होता. नाही बोलले. आणि दोन्ही वेळा तो शब्द आलाच नाही, वेगळाच आला.

त्यांनी काय काय घेतलं: "अगं, ऐकलंस का?" हे आईकडे न बघता. "जरा इकडे बस." "हे मशीन मी घेत नाही, विकून टाका." "दादाला म्हणावं, फोन कर, पैसे पाठवू नको." "बाईसाहेब, डबा नेलात का?" मग बराच वेळ गेला. मग, "थांब. माझं मी सांगतो."

आवाज फाटका, मधेमधे नुसता वारा. साफ करून करून किती करणार? मी काहीच साफ केलं नाही.

उठताना म्हणाले, "कार्ड चांगलं होतं ना?" मी मान डोलावली. तेही मान डोलावून उठले.

१८, सोमवार

फाइली थेरपिस्ट बाईंना दिल्या. चाचणीचं वाक्य काढायचं राहिलं. राहू दे. बाई म्हणाल्या, "ह्याला कुठलं बटण देऊ?" म्हटलं, मोठं द्या.

बाबांना दाखल केलं. लिफ्टमध्ये ते आईशी काहीतरी बोलले, तिच्या कानाशी. आम्हाला कुणाला ऐकू आलं नाही.

१९, मंगळवार

बाहेर बसलोय. काही लिहवत नाही.

संध्याकाळी. झालं. नीट झालं म्हणतात.

२३, शनिवार

सकाळी डॉक्टर आले. "कसं वाटतंय?" मी म्हटलं, "बरे आहेत, रात्री झोप लागली, त्रास काही—"

"थांब. माझं मी सांगतो."

फाटक्या आवाजात, टॅब्लेटमधून. बाबांनी पाटी घेतली आणि लिहायला लागले. डाव्या खांद्यात पहाटेपासून कळ येते, गिळताना गळ्यातल्या नळीपाशी जळजळ होते, काल नर्सने विचारलं तेव्हा सांगितलं नाही. डॉक्टर घड्याळाकडे न बघता उभे राहिले. वाचून त्यांनी बँडेज सोडून बघितलं, एक औषध बदललं. म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. दोन दिवस गेले असते तर अवघड होतं."

संध्याकाळी आई घरी गेली, मी एकटी होते. वर वॉर्डात येण्याआधी खाली बाथरूममध्ये तोंड धुतलं, केस विंचरले. बाबांजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "आज कसे ताजेतवाने दिसताय! घरी सगळं छान आहे. आई मजेत. मी पण एकदम छान."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग टॅब्लेट ओढला आणि मोठं बटण दाबलं.

"मशीन अडकलंय तसंच आणा! दोरा काढू नका!"

वॉर्डातले सगळे वळून बघायला लागले. तो जुना, दुकानातला, दणदणीत आवाज, आणि खाली बाबांचे मिटलेले ओठ. नर्स धावत आली. "आजोबा, टाके एवढ्यात काढत नाही कुणी, घाबरू नका." बाबांचे खांदे हलायला लागले. हसत होते. त्या हसण्यात काहीच ऐकू येत नव्हतं आणि मला ते सहन झालं नाही. मी रडले. चांगली मोठ्याने, सगळ्यांसमोर.

मग सांगितलं. की दाराची कडी वाजली की अजून वाटतं तुम्ही हाक माराल. की आई रात्री पुढच्या खोलीत जाऊन मशीनपाशी बसते. की ऑफिसात मी छान, छान म्हणते आणि जिन्यात जाऊन रडते. की जे चांगल्या आवाजातलं गेलं ते माझ्यामुळे गेलं आणि मला ते विसरता येणार नाही. की तुमचं बोलणं मी आयुष्यभर मधेच तोडलं आणि आता तोडायला काही उरलं नाही. कुठून सुरू केलं, कुठे गेले, काही धरबंद नव्हता. सगळा गुंता तसाच ठेवला त्यांच्यापुढे.

बराच वेळ लागला मला. त्यांचा हात टॅब्लेटवर होता. मी बोलत होते तोवर त्यांनी एकदाही बटण दाबलं नाही.